नाडीची गाठ: ओमानमधल्या एका धारेवर अण्णांना काय झालं

अण्णा विणकर म्हणून यंत्रमागावर लागले आणि तीस वर्षांनी जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून निवृत्त झाले. तुटलेला धागा चिमटीत धरून डोळे मिटूनही गाठ मारतील, अशी त्यांची बोटं. गेल्या फेब्रुवारीत, दुपारी एकच्या सुमारास, ओमानमधल्या अल हजर पर्वतरांगेतल्या एका उघड्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्यावर, हेच अण्णा बुटाची नाडी हातात धरून बसले होते. नाडीची दोन टोकं एकमेकांवरून जायची, सुटायची, पुन्हा जायची. गाठ काही बसत नव्हती.

मी सोलापुरात औषधांचं दुकान चालवतो आणि वीस वर्षं डोंगर चढतो. त्या दिवशी आमच्या चौघांची जबाबदारी माझ्यावर होती. जे झालं ते अण्णांच्या परवानगीने सविस्तर लिहितोय. उन्हाळ्यात आणि कोरड्या डोंगरात जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची ऊन-पाण्याबद्दलची समजूत आमच्यासारखीच असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. शिखराचं नाव देत नाही. वाटेवर खुणा नाहीत, आणि हे वाचून कुणी वाटाड्याशिवाय तिकडे निघावं अशी माझी इच्छा नाही.

माणसं आणि तयारी

माझा भाचा मस्कतला सर्व्हेअर आहे. बेत त्याचाच. सोलापुरातून मी, अण्णा आणि आमच्या गटातल्या एक शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, असे तिघं गेलो. अण्णांचं वय ५८, तब्येत काटक. सिद्धेश्वर तलावाला पहाटे तीन फेऱ्या मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी, एवढंच औषध. ती गोळी सहा वर्षं माझ्याच दुकानातून जाते. हे वाक्य लक्षात ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत आम्ही कसून सराव केला. तुळजापूर घाटाच्या बाजूच्या बालाघाटच्या टेकड्यांवर पाठीवर दहा किलो घेऊन चढउतार, दोनदा सह्याद्रीत जाऊन कातळावर हात बसवणं, आणि दोरावरून उतरण्याची उजळणी. सगळा सराव सहा ते नऊच्या गारव्यात. कुडकुडत घर सोडायचं आणि ऊन तापायच्या आत परत यायचं. गड्डा यात्रेच्या (सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आठवड्यात तर स्वेटर घालूनच टेकडी चढलो होतो.

उन्हाचं काय, असं बाईंनी विचारलं तेव्हा मीच म्हणालो होतो, "बाई, आपण सोलापूरचे आहोत. मे महिन्यात ४४ अंशात जगतो आपण. फेब्रुवारीत तिकडं पंचवीसच्या आसपास. आपल्याला काय होतंय?"

धार

सकाळी ५:१५ ला डोक्याला दिवे लावून खेड्यामागच्या कोरड्या वाडीतून निघालो. वाडी म्हणजे तिकडची कोरडी नदी, नुसते गोटे आणि वाळू. वाटाड्या त्याच खेड्यातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा, पायात साध्या चपला. खांद्यावर तीस मीटरचा दोर. साडेसातला घसारा (सुट्या दगडांचा उतार) संपला आणि कातळाला हात लागला.

आपल्या सह्याद्रीतला माणूस या कातळावर पहिल्यांदा गोंधळतो. आपला काळा बेसाल्ट लाव्हाच्या थरांचा. त्याला पायरीसारखे टप्पे असतात, टप्प्यांवर माती आणि गवत, आणि किल्ला असेल तर कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी खोदलेल्या खोबण्या. हजरचा हा भाग चुनखडीचा, म्हणजे एकेकाळचा समुद्राचा तळ. बाईंना एका उभ्या पाषाणात शिंपल्यांचे ठसे दिसले, तेव्हा त्या दोन मिनिटं पुढे हलल्याच नाहीत. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवतं. ते युगानुयुगं एकाच जागेवरून ओघळून दगडावर उभ्या पन्हळी पडतात आणि दोन पन्हळींमधली कड सुरीसारखी होते. हात ठेवला की पकड अशी बसते की घसरण्याचा प्रश्नच नाही. पण तळव्यावर बारीक रेघा उमटतात, आणि थोड्या वेळाने त्यातून रक्त यायला लागतं. माझे कापडी हातमोजे नऊ वाजेपर्यंत बोटांच्या टोकाला फाटले होते.

पकड चांगली असली तरी दगड जागेवर पक्का असेलच असं नाही. माती नाही, मुळं नाहीत, धोंडे एकमेकांवर नुसते ठेवल्यासारखे. वाटाड्या प्रत्येक मोठ्या दगडावर आधी तळहात आपटायचा. पक्क्या दगडाचा आवाज भरीव येतो, सुटलेला दगड मडक्यासारखा वाजतो. दगड खाली दाबायचा, बाहेर ओढायचा नाही. दोन हात, दोन पाय, यातले तीन टेकलेले असल्याशिवाय चौथा उचलायचा नाही. हे नियम आम्हाला तोंडपाठ होते, पण त्या धारेवर ते पाच तास सलग पाळावे लागतात. उंचीला सगळ्यात जास्त घाबरणाऱ्या बाई आमच्यात सगळ्यात सुंदर चढत होत्या, कारण त्या एकही दगड गृहीत धरत नव्हत्या.

धार काही ठिकाणी खाटेएवढी रुंद, काही ठिकाणी कोपरभर. उजवीकडे दीड-दोनशे मीटर सरळ खाली, डावीकडे तिरका उतार आणि त्यावर घसारा. ट्रेकर मंडळी याला एक्सपोजर म्हणतात. चढाई अवघड नसते, पाय सरकला तर थांबायला काही नसतं. एका सुळक्यापाशी भाच्याला वाटलं, डावीकडच्या पट्टीवरून वळसा घालावा, सोपं दिसतंय. तो चार पावलं गेला आणि पायाखालचा घसारा चाळणीतल्या खड्यांसारखा सरकायला लागला. वाटाड्याने हाक मारून परत बोलावलं आणि सुळक्याच्या अंगावरूनच नेलं. माथ्यावरचा खडक वाऱ्या-पावसाने झाडून निघालेला असतो. सुटा माल सगळा बाजूच्या पट्ट्यांवर साचतो. घाबरलेला माणूस नेमका तिकडेच वळतो.

परतायची वेळ आम्ही साडेअकरा ठरवली होती. साडेअकराला आम्ही शेवटच्या खिंडीत होतो. माथा समोर, उंचीने शे-सव्वाशे मीटर. भाचा माझ्याकडे बघत होता. अण्णा म्हणाले, "चला की, आता काय राहिलंय." मी पुढे जायचं ठरवलं.

१२:२० ला माथ्यावर. दगडांची एक रास, चारी बाजूंनी तांबूस-करड्या रांगा, एकही झाड नाही. आम्ही फोटो काढले. अण्णा दगडाच्या राशीला पाठ टेकून बसले आणि हसले. त्यांच्या पाचही बाटल्या रिकाम्या होत्या. मी त्यांना शाबासकी दिली, कारण "पाणी प्या, तहान लागायच्या आधी प्या" असा घोष आदल्या रात्रीपासून मीच लावला होता. निघायच्या आधीच त्यांनी तीनेक लिटर पोटात घातलं होतं, वर येईपर्यंत पाच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांनी खाल्ली. अण्णांनी नको म्हटलं. मळमळतंय म्हणाले.

उतरताना

चढताना हात डोळ्यांसमोर असतो. उतरताना पाय शोधावा लागतो आणि तो दिसत नाही. म्हणून तोंड कातळाकडे करून, पोट जरा बाहेर ठेवून, दोन मांड्यांच्या मधून खाली बघत उतरायचं. पहिल्याच टप्प्यावर अण्णा तोंड दरीकडे करून, जिना उतरावा तसे निघाले. तसं उतरायचं नाही, हे त्यांना मी स्वतः शिकवलेलं आहे. मी ओरडलो, ते थांबले, वळले. दहा पावलांनी पुन्हा तसेच. मग एका सपाट जागी बसवलं, तर बुटाची नाडी सुटलेली. बांधा म्हटलं, आणि गाठ बसेना.

मी विचारलं, "अण्णा, काय होतंय ओ?"

त्यांनी मला तेलुगूत उत्तर दिलं. घरी ते तेलुगूच बोलतात, पण माझ्याशी गेल्या वीस वर्षांत एक वाक्यही तेलुगूत बोललेले नाहीत. मी पुन्हा मराठीत विचारलं, पुन्हा तेलुगू. कुणाशी बोलतोय याचं भान सुटलं होतं. माझ्या पोटात खड्डा पडला.

ऊन लागलं, असं आम्ही तिघांनीही एका सुरात म्हटलं. माणूस बरळायला लागला की उष्माघात समजायचा आणि अंग गार करायचं, हे बरोबरच आहे. त्यात वेळ घालवायचा नसतो. धारेच्या उत्तर अंगाला चार माणसं मावतील अशी कपार होती, तिथे सावलीत आणलं. माझ्याकडे आपल्याकडचा जाड टर्किश टॉवेल होता. तो भिजवून डोक्यावर आणि मानेवर ठेवला. कोरड्या हवेत ओला टॉवेल काही मिनिटांत बर्फासारखा गार होतो. मग मी बाटली तोंडाला लावली. एक घोट गेला आणि लगेच उलटी झाली. पुन्हा दिलं, पुन्हा उलटी.

आमच्याकडे सगळ्यांचं मिळून जेमतेम दोन लिटर पाणी उरलं होतं. पोटात टिकत नाही तर निदान टॉवेलला लावू, असं बाईंनी सुचवलं. म्हणून ते पाणी अण्णांच्या पोटात गेलं नाही. त्या क्षणी मला हे दुर्दैव वाटत होतं.

एक गोष्ट खटकत होती, पण मी तिच्यामागे गेलो नाही. अंग तापलेलं नव्हतं. उष्माघातात कातडी चटका बसावा तशी लागते, शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. अण्णांचं कपाळ माझ्या कपाळाइतकंच गरम होतं. हवाही तशी गारच, वारा होता.

धारेवर फोनला रेंज होती. ओमानमधला आणीबाणीचा क्रमांक ९९९९ भाच्याने लावून ठेवायची तयारी केली. वाटाड्या म्हणाला, अर्धा तास बघू, सुधारणा नसेल तर फोन. या काळात बाईंनी चटणीत बोट बुडवून अण्णांच्या जिभेवर लावलं, नुसतं तोंडाला चव यावी म्हणून. त्यांनी ते चाटलं. थोड्या वेळाने आणखी मागितलं. मग कडक भाकरीचा तुकडा. पाऊण तासात त्यांना दोनदा भरपूर लघवी झाली. दुसऱ्या वेळेनंतर त्यांनी माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "किती वाजले?" नाडी त्यांनी स्वतः बांधली, सावकाश, पण बांधली.

तरी त्यांना मोकळं उतरवणं शक्य नव्हतं. वाटाड्याने पट्टीच्या दोरीचा कंबर-मांड्यांना हार्नेस बांधला, एका भक्कम कातळकण्याला दोराचा वेढा घेतला आणि एकेक टप्पा उतरवायला सुरुवात केली. चुनखडीच्या धारदार कडेवर ताणलेला दोर घासला तर कापला जातो, म्हणून प्रत्येक कडेखाली माझी रिकामी सॅक अंथरली. खाली बाई, प्रत्येक पाऊल कुठे ठेवायचं ते सांगत. चढताना दीड तास लागलेल्या टप्प्याला उतरताना तीन तास लागले. घसाऱ्यावर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. गाडीपाशी रात्री आठला.

रक्ताचा रिपोर्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी एका दवाखान्यात तपासणी झाली. रक्तातलं सोडियम १२८. ते १३५ ते १४५ असायला हवं. म्हणजे धारेवर ते याहूनही खाली गेलेलं असणार. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा. मी नाव सांगितलं आणि सांगता सांगताच मला सगळं दिसलं. टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम. हा दुसरा भाग लघवीवाटे मीठ बाहेर काढतो, रक्तदाब उतरवायचं त्याचं कामच ते. आणि जादा प्यायलेलं पाणी पातळ लघवी करून टाकून देण्याची मूत्रपिंडाची ताकद तो कमी करतो. सहा वर्षं मी ती पाकिटं पिशवीत घालून देतोय. डोंगरावर निघताना मी अण्णांचे बूट तपासले, हेडलॅम्पचे सेल तपासले. गोळी तपासली नाही.

आता साखळी जुळवून बघा. घाम हा सगळ्यांचा सारखा खारट नसतो. रोज उन्हात काम करणाऱ्याचं शरीर आठवडा-दोन आठवड्यांत शिकतं: घाम लवकर येतो, जास्त येतो, आणि त्यात मीठ कमी असतं. पण हे शिक्षण टिकाऊ नाही. ऊन बंद झालं की तीन-चार आठवड्यांत बहुतेक पुसून जातं. म्हणजे मे महिन्याचं सोलापूर फेब्रुवारीत आमच्या अंगात शिल्लकच नव्हतं. शेवटचं भर दुपारी उन्हात राबलो होतो ते जूनच्या पावसाआधी. त्यानंतरचा सगळा सराव पहाटेच्या थंडीत. धारेवर अण्णांच्या निळ्या टोपीवर कपाळाच्या रेषेत पांढरी मिठाची किनार उमटली होती, फोटोत ती स्पष्ट दिसते. शरीर सवयीचं नसल्याची ती खूण होती.

आणि खरं सांगायचं तर मे महिन्यातही आपण ४४ अंशात जगत नाही. अकरा ते पाच आपण लिंबाच्या सावलीत, कूलरपुढे, दुकानाच्या शटरमागे असतो. बाहेर पडलो तर डोक्याला पंचा, रिक्षा, वाटेत उसाचा रस. आपल्याला सवय असते ती ऊन चुकवण्याची. धारेवर सकाळी साडेसात ते दुपारी एक, चुकवायला जागाच नव्हती.

घामातून मीठ गेलं, गोळीने मीठ गेलं, आणि वरून आठ लिटर साधं पाणी. त्यातलं मीठ शून्य. जोरकस श्रमात आणि मळमळीत शरीर असं एक संप्रेरक सोडतं की लघवी कमी होते आणि पाणी आतच अडतं. रक्त पातळ होत जातं, पेशींमध्ये पाणी शिरतं, मेंदू सुजायला लागतो. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, पुढे झटके, आणि त्याही पुढे जीव जाऊ शकतो. लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात, पण त्यावर आपण जो उपाय करतो तो उलटा पडतो. त्या कपारीत आमच्याकडे पाच लिटर पाणी असतं आणि अण्णांना उलटी झाली नसती, तर मी ते सगळं प्रेमाने पाजलं असतं.

माथ्यावरचा फोटो मी नंतर पुष्कळदा मोठा करून बघितला. अण्णांचा डावा हात गुडघ्यावर आहे. अंगठी बोटात रुतली आहे, दोन्ही बाजूंनी मांस वर आलंय. घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगट फुगलंय. पाणी कमी पडलेल्या माणसाची बोटं अशी दिसत नाहीत.

आता आम्ही काय करतो

अण्णांच्या सोलापुरातल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. तीन आठवड्यांनी सोडियम १३९ आलं. रक्तदाबाची गोळी डोंगरासाठी कुणीही मनाने बंद करू नये. ते जास्त धोक्याचं. पण जाण्याआधी डॉक्टरांना सांगावं की मी अमुक इतके तास उन्हात श्रम करणार आहे. आमच्या गटात आता नाव नोंदवताना औषधांची चिठ्ठी मागतो, आणि ती मी वाचतो.

सराव मेमध्ये असेल तर दुपारी चारला, आधी अर्धा तास, मग वाढवत. हिवाळ्यात कोरड्या प्रदेशात जायचं असेल तर आदले दहा-बारा दिवस रोज तासभर दुपारच्या उन्हात, गरम कपड्यात, घाम फुटेल असं चालायचं. सोबत कुणीतरी असायलाच हवं. सरावाआधी आणि नंतर वजन करतो. वजन थोडं कमी झालं तर ठीक. वाढलं, तर त्या माणसाने गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलंय. "तहान लागायच्या आधी प्या" हे मी आता कुणाला सांगत नाही. तहान लागली की प्या, आणि दर तासाला काहीतरी खारट खा. ओआरएसमध्येही लिटरला सोडियम ७५ मिलिमोलच असतं, रक्ताच्या निम्म्याच्या आसपास. साध्या पाण्यापेक्षा ते चांगलं, पण लिटरच्या लिटर पीत सुटण्याचं ते पेय नाही. शेंगाचटणी आणि भाकरी मी आता पाण्याइतकीच मोजून घेतो.

आणि प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची. ही कल्पना अण्णांची. ज्याला वेळ लागेल त्याच्याशी बोलायचं, त्याची बोटं बघायची, अंगठी फिरते का ते बघायचं.

एका मुद्द्यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. मी म्हणतो, साडेअकराला खिंडीतून मागे फिरायला हवं होतं. ठरवलेली वेळ मी मोडली, ही चूक माझी. बाई म्हणतात, अण्णांच्या पोटात तेव्हाही सात लिटर पाणी होतंच. फिरलो असतो तर हाच प्रकार तासाभराने, खिंडीच्या खालच्या कोपरभर रुंदीच्या धारेवर झाला असता, जिथे ना कपार, ना सावली, ना दोर अडकवायला कातळ. त्यांनी माझ्यासमोर कागदावर धारेचा नकाशा काढून जागा दाखवली. मला त्यांचं खोडून काढता आलं नाही. तरी वेळ मोडायला नको होती, हे मी सोडायला तयार नाही.